आगेऱ्याचं ताट

चरई, ठाणे
२५ ऑगस्ट २०२५

चि. ग्रेगरीस इनासकाकाचा आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्यातलं पाणी काढलं का, की अजून 'बघू पुढच्या आठवड्यात' चाललंय? स्वप्नाचं पित्ताचं डोकं कसं आहे? तिला म्हणावं, रिकाम्या पोटी चहा पिऊ नकोस, हे मी लग्नापासून सांगतोय. कृतिकाचा खोकला गेला का? तुमच्या डोंबिवलीच्या हवेत कारखान्यांच्या वासाने धडधाकट माणूसही खोकतो, ती तर पोर आहे. गुणाजीचा मोतीबिंदू पिकला की नाही? त्या डोळ्याने तो लेथवर उभा राहतो म्हणजे मला इथे बसून घाम फुटतो. आणि मोठ्या लेथचीही तब्येत विचारतो, कारण तुझे बाबा गेल्यावर तिच्यावरच तुला मी घडवला. ती घरातलीच आहे.

इकडे मार्थाकाकीची साखर डॉक्टरांच्या समोर उतरते आणि घरी आली की चढते. माझे कान होते तिथेच आहेत. नवीन यंत्र लावलं, त्यात रिक्षाचे भोंगे स्पष्ट येतात, माणसाचं बोलणं येत नाही. म्हणून पत्र. डोंबिवलीहून ठाण्याला तू अर्ध्या तासात येशील, पत्राला पाच दिवस लागतात, तरी फोनवर 'काय? काय?' करून ओरडण्यापेक्षा हे बरं.

शुक्रवारी आमचा उपास होता. पोपसाहेबांनी साऱ्या जगाला सांगितलं, एक दिवस उपास करा, शांतीसाठी प्रार्थना करा, लढणाऱ्यांनी शस्त्रं खाली ठेवावीत म्हणून देवाकडे मागा. फादर नॉर्बर्टनी ते मिस्सात वाचलं. ते वाचत असताना पुढच्या बाकावर दोघं मोबाइलमध्ये क्रिकेटचा स्कोर बघत होते. मला ऐकू येत नाही, पण दिसतं. संध्याकाळी आपल्या घरी आळीतली माणसं माळेच्या प्रार्थनेला बोलावली. अकरा आली. त्यातल्या चौघांनी 'उपास होता, आता सुटला का?' असं काकीला आधी विचारलं. मी म्हणतो, असल्या उपासाने शस्त्रं खाली ठेवली जाणार असतील तर देव फारच उदार म्हणायचा.

एक गोष्ट मात्र छान झाली. जुलैत तुझ्या शेडवर आलो होतो तेव्हा काकीने नापास नगांच्या खोक्यातून तो पितळेचा चकचकीत नग उचलून आणला होता ना, त्याच्या भोकात आपली जाडी मेणबत्ती अशी फिट बसते की जणू मापाने कातलाय. चिंचेने घासून काकीने तो घरच्या आल्तारावर माउलीच्या पायाशी ठेवला. सगळ्यांनी विचारलं, कुठून आणलात? काकी म्हणाली, आमच्या ग्रेगूच्या हातचा. माझी छाती दोन बोटं फुगली.

तर आता कामाचं. पाच ऑक्टोबरला आगेरा, आपला सुगीचा सण. तुला नियम माहीत आहे, तरी स्वप्नासाठी लिहितो. आपली भातशेती होती तेव्हा कापणीची पहिली लोंबी वाजतगाजत देवळात नेत. शेतं गेली, त्यावर टॉवर आले. मग तुझ्या आजोबांनी आळीत ठरवलं की आता ज्याचे हात जे करतात त्यातलं पहिलं त्याने ताटात आणायचं. बेकरीवाल्याने पाव, शिंपिणीने झबलं. बाकीचे मुरबाडच्या शेतकऱ्याकडून लोंब्या विकत आणतात आणि स्वतः पेरल्यासारखं तोंड करतात, त्यांचं सोड. तू दरवर्षी नव्या कामाचा पहिला नग आणतोस. यंदा तर मोठं काम लागलंय म्हणतात. काय आहे ते नीट लिही. फादरना मी सांगून ठेवलंय.

तुझा,
इनासकाका

*

डोंबिवली पूर्व
३ सप्टेंबर

प्रिय काका,

पत्र मिळालं. घरी सगळे बरे. गुडघा ठीक. कृतिकाचा खोकला कमी आहे. गुणाजींचं ऑपरेशन दिवाळीनंतर.

काम बरंच आहे, दोन पाळ्या चालू केल्यात. पाइपलाइनच्या कुठल्यातरी असेंब्लीचा पार्ट आहे, पार्टी मोठी आहे, डिटेलमध्ये जाण्यासारखं काही नाही. आगेऱ्याला या वेळी जमेलसं वाटत नाही. रविवारीही शेड चालू ठेवावी लागते. फादरना सांगा, वाट बघू नका.

एक काम होतं. काकींनी नेलेला तो नग परत हवाय. या पार्टीला नापास माल मोजून परत द्यावा लागतो, एक कमी भरतोय. गुरुवारी टेम्पोवाला चरईत येईल, त्याच्याकडे द्या. त्यात मेणबत्ती वगैरे नका लावू, प्लीज. काकींना पाहिजे तर मी दुसरा छान स्टँड करून देईन.

घाईत आहे.
ग्रेगरी

*

चरई, ठाणे
११ सप्टेंबर

ग्रेगरी,

तुझा गुडघा, तुझ्या बायकोचं डोकं आणि मुलीचा खोकला, तिन्ही बरे असोत. पुढचं रागात लिहितोय, तेव्हा अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

पाइपलाइनचा पार्ट. मला. ज्याने तुला मायक्रोमीटर धरायला शिकवला त्याला तू पाइपलाइन सांगतोस.

शनिवारी आमचे शेजारी सुधीर गद्रे विसर्जनाआधीचे मोदक घेऊन आले. तुला माहीत आहेत ते, संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, टापटिपीचे गृहस्थ, दर शब्दाला पुण्याचा साबण लावून बोलणारे. आठ तारखेच्या माउलीच्या सणाची नऊ दिवसांची प्रार्थना चालू होती, आल्तारावर मेणबत्ती जळत होती. गद्रे हात जोडून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. मग मला खूण करून माझ्या बऱ्या कानाशी आले.

"मिस्किटा, ही मेणबत्ती आधी काढा."

मला वाटलं आल्तारावरचं कापड पेटलं. तसं नव्हतं. त्यांनी नग उचलला, आतले आटे बघितले, बूड बघितलं आणि मला समजावलं. तोफगोळ्याच्या टोकावर जे बोंड बसतं, ज्याने तो आदळल्यावर फुटतो, त्याचं हे धड. जन्मभर त्यांनी असले तपासलेत. त्यांची चूक होणार नाही.

पोपच्या शांतीच्या उपासाला, अकरा माणसं गुडघ्यावर, आणि पुढे हे. काकीने आल्तारावरचं कापड धुतलं. दुसऱ्या दिवशी परत धुतलं.

मी तडक फादर नॉर्बर्टकडे गेलो. म्हटलं, फादर, तुम्ही वाचलंत, आम्ही ऐकलं, आता माझ्या पुतण्याने काय करायचं ते सांगा. ते बिचारे बसा म्हणाले, सरबत दिलं. म्हणाले, पोपसाहेब मुख्यतः देशांच्या पुढाऱ्यांना उद्देशून बोलतात. मी म्हटलं, मग आम्हांला कशाला वाचून दाखवलंत, माझ्या घरी कुठला देशाचा पुढारी जेवायला येतो? मग म्हणाले, देशाने स्वतःचं रक्षण करणं चर्च नाकारत नाही. म्हटलं, बरं, पण हा माल कुठे जातो? ते म्हणाले, ते मला कसं कळणार? शेवटी दोन्ही हात जोडून म्हणाले, "इनासकाका, त्याला सांगा, स्वतःच्या विवेकाला विचार." विवेकाला विचार! जसा काही विवेक टेंभी नाक्यावर टेबल टाकून बसलाय, नंबर लावला की चिठ्ठी देतो. सगळे मेले असेच. वर रोममधून शब्द निघतो तो हत्तीएवढा, आणि आमच्या आळीत पोचेपर्यंत त्याची मुंगी होते.

म्हणून मीच सांगतो. हे काम सोड. आगेऱ्याच्या आत सोड. माझ्या भावाच्या मुलाच्या हातून हे होता कामा नये. नग टेम्पोवाल्याकडे दिला. मोजणी पुरी करून घे.

काका

*

डोंबिवली पूर्व
१८ सप्टेंबर

काका,

दोनदा वाचलं. चार वेळा वाचलं. आता माझं एकदा वाचा.

खोटं बोललो. चूक झाली, सॉरी. पण का बोललो ते तुम्हांला माहीत आहे, कारण खरं बोललो असतो तर हेच पत्र पाच महिने आधी आलं असतं.

गेल्या वर्षी नळाच्या कॉकचं काम बंद पडलं. सगळं प्लॅस्टिक झालं. फेब्रुवारी आणि मार्च शेड बंद होती, ते मी तुम्हांला कळू दिलं नाही. सात माणसं रोज यायची, शटरसमोर बसून चहा प्यायची आणि जायची. मी ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक ओळखीच्याकडे गेलेलो. आपल्या चरईच्या पॅरिशमधल्या तीन मोठ्या फॅक्टरीवाल्यांकडेही गेलेलो. सगळे म्हणाले, प्रेयर करतो तुझ्यासाठी. माझ्या शेडसाठी कोणी अकरा माणसं गोळा करून मेणबत्ती लावली नाही, काका. एप्रिलमध्ये हे काम आलं. ड्रॉइंग बघितल्याबरोबर मला कळलं. गुणाजींनाही कळलं. ते म्हणाले, शेठ, धातू तोच, आटे तेच, आपण कातायचं.

माल न्हावा-शेवाच्या बंदरात जातो. पुढे कुठे ते कागदावर नसतं आणि मी विचारलं नाही. टीव्हीवर रोज बातम्या लागतात, पडलेल्या बिल्डिंगी, स्ट्रेचर. स्वप्ना म्हणते, बंद करा, जेवताना काय बघता? मी बघतो. मला वाटतं मला तिथे आपलं पितळ दिसेल. येडेपणा आहे, माहीत आहे.

फादर नॉर्बर्ट म्हणतात, विवेकाला विचार. विचारलेला. इथल्या चर्चमध्ये एप्रिलमध्येच कुमसारला बसलेलो, हे काम कबूल केलेलं. फादर तरुण आहेत, नवीन. त्यांनी विचारलं, तू हे युद्ध व्हावं म्हणून करतोस का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, तर ते थेट पाप म्हणता येणार नाही, पण तू दुसरं काम शोधत राहा. पापमुक्ती दिली. मला ती लागली नाही. त्या दिवसापासून मी क्रिस्तप्रसाद घेतलेला नाही. सगळे रांगेत पुढे जातात, मी बाकावर. स्वप्नाला वाटतं गुडघ्यामुळे. कृतिकाला वाटतं आईमुळे, म्हणजे ती हिंदू आहे म्हणून मला कोणी काही बोललं असेल. मी दोघींनाही काही सांगितलं नाही. सहा महिने. तर मला पोपचं काही वाटत नाही असं समजू नका. मला जेवढं वाटतं तेवढं त्या क्रिकेट बघणाऱ्यांना वाटत नसेल.

आणि एक विचारतो, राग येऊ दे. ७१ साली वागळे इस्टेटमध्ये तुम्ही काय कातत होतात? बाबा सांगायचे, इनास तीन-तीन दिवस घरी यायचा नाही, तोफेच्या गोळ्यांचं काम होतं, कंपनीने स्टेजवर बोलावून हार घातला. बाबा अभिमानाने सांगायचे. मी पण शाळेत सांगायचो. तेव्हा तुम्ही कुमसारला गेला होतात का?

ग्रेगरी

*

चरई, ठाणे
३० सप्टेंबर

चि. ग्रेगूस,

बारा दिवस लागले. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तिन्हींत मी सिद्ध केलं होतं की ७१ सालचं वेगळं होतं.

तब्येती विचारायच्या राहिल्या, माफ कर. माझं कालपासून अंग मोडून आलंय, डोळ्यांच्या मागे दुखतंय, पण हे लिहून टाकल्याशिवाय पडणार नाही.

होय, कातत होतो. बावीस वर्षांचा होतो. खिडक्यांना काळे कागद, भोंगा वाजला की दिवे बंद, आणि आम्ही पोरं एकमेकांशी पैज लावून नग काढायचो. जुने पाद्री होते, तेही आमच्या शॉपमध्ये आले आणि यंत्रांवर पवित्र पाणी शिंपडून गेले. हार घातला ते खरं. मी तो वाळेपर्यंत खिळ्यावर ठेवला होता. कुमसारला मी दर शनिवारी जायचो. आईशी उलट बोललो, मिस्सा चुकली, हे सांगायचो. ते काम सांगायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, कारण ते मला पाप वाटलंच नव्हतं. आपल्यावर आलं होतं, आपण उभे राहिलो. आजही कोणी मला पाप म्हणायला लावलं तर मी म्हणणार नाही. हे खरं ते लिहितो.

पण दुसरंही खरं लिहितो. लढाई संपल्यावर एका मासिकात फोटो आला होता. चिखलात एक म्हातारी काहीतरी उचलत होती, आपल्याकडच्याच म्हाताऱ्यांसारखी, पदर कमरेला खोचलेला. ती कुठल्या बाजूची ते खाली लिहिलं होतं. मी ते वाचायच्या आत पान उलटलं. पुढच्या महिन्यात माझं लग्न होतं. चोपन्न वर्षं झाली, मी ते पान परत उलटलेलं नाही. तू टीव्ही बंद करत नाहीस. त्या बाबतीत तू माझ्यापेक्षा बरा.

तुझं आणि माझं वेगळं आहे का? मला वाटतं आहे. आपलं घर राखणं वेगळं आणि कोणाच्या तरी घरावर काय पडणार हे न विचारता माल धाडणं वेगळं. पण हे मी खुर्चीत बसून म्हणतो, पेन्शन खात, आणि रेघ नेमकी माझ्या पायाच्या पुढे ओढतो. हे माझं मलाच दिसतं आणि त्याचाच संताप येतो. फादरवर ओरडलो, त्यांच्यावर काय ओरडायचं? त्यांनी निदान सरबत दिलं.

फेब्रुवारीत तू शटरसमोर बसला होतास आणि मला कळलं नाही. काकी हे वाचून रडली. म्हणाली, आपण वर्षाच्या साऱ्या सणांना त्याला बोलावतो, त्याच्याकडे वर्षात एकदा गेलो, तेही जुलैत.

तर 'काम सोड' हे मागे घेतो. तो हुकूम द्यायचा माझा अधिकार नाही. फक्त आगेऱ्याला ये. सहा महिने बाकावर बसलास, आता निदान ताट घेऊन चाल. ताटात काय ठेवायचं ते तू ठरव. विकतच्या लोंब्या तेवढ्या आणू नकोस. वेळेत पोचावं म्हणून हे पत्र टेम्पोवाल्याकडे देतोय.

तुझा,
इनासकाका

*

डोंबिवली पूर्व
८ ऑक्टोबर

ती. काका आणि काकींना स्वप्नाचा नमस्कार.

काका, आता प्लेटलेट किती आहेत? काल काकी म्हणाल्या वाढल्यात, पण त्या तुमच्यासारखंच सगळं बरं सांगतात. खोलीतलं कुलरचं पाणी काढायला सांगा. काकींनी स्वतःची साखर तपासली का? पपईच्या पानांचा रस घ्या, कडू लागला तरी.

रविवारी तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात आणि हे तुम्हांला भेटून एक शब्द बोलले नाहीत, म्हणून मी लिहितेय. ह्यांना सांगून लिहितेय. तुमची सगळी पत्रं मी या आठवड्यात वाचली. सहा महिने मला वाटत होतं यांचा गुडघा दुखतो.

दसऱ्याला गुणाजींनी शेडमध्ये पूजा मांडली. लेथला झेंडूचा हार, आणि पुढे पाटावर त्या कामाचा एक नग, हळदकुंकू लावून. दरवर्षी हे त्यांच्या शेजारी उभे राहून मेणबत्ती लावतात. यंदा दारातच थांबले. गुणाजींनी दोनदा हाक मारली, मग एकट्याने नारळ फोडला.

आगेऱ्याला निघताना मी विचारलं, ताटात काय? हे म्हणाले, कापड घाल फक्त. मी काकींनी दिलेलं विणलेलं कापड घातलं. तुम्हांला माहीत आहे, मला तुमच्यातलं सगळं कळत नाही, पण रिकामं ताट देवासमोर नेत नाहीत एवढं माझ्या आईने मला शिकवलंय. मी म्हटलं, निदान फूल ठेवा. नको म्हणाले.

बँड वाजत होता, रांग लांब होती. ह्यांच्या पुढे भोपळा घेतलेले गृहस्थ, मागे टोपलीवाल्या एक बाई. ह्यांचं ताट बघून त्या बाईंना वाटलं, विसरले असतील. त्यांनी आपल्या टोपलीतली दोन केळी उचलून ताटात ठेवली आणि पाठीवर थाप मारून हसल्या. ह्यांनी ती काढून त्यांच्या टोपलीत परत ठेवली. त्यांनी पुन्हा ठेवली. असं तीनदा झालं, काका, देवळाच्या मधोमध. कृतिकाला हसू आवरेना. तिसऱ्यांदा ह्यांनी त्यांचा हात धरला आणि काहीतरी बोलले. बाईंनी केळी घेतली आणि मग पुढे अख्खी रांग संपेपर्यंत खाली बघत राहिल्या.

फादर नॉर्बर्टच्या समोर ताट गेलं. त्यांनी कापड उचललं. खाली काही नाही. त्यांच्या गळ्यात माइक होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"काय आणलंय, ग्रेगरी?"

"या वर्षी हातांनी जे केलं ते इथे ठेवण्यासारखं नाही, फादर."

बँडवाले नेमके थांबले होते. फादरना काय करावं कळलं नाही, खरंच कळलं नाही, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मागून कोणीतरी 'चला, चला' म्हणालं. फादरनी माइक काढून बाजूच्याला दिला, ताट हातात घेतलं आणि आल्तारावर ठेवलं, भोपळ्याच्या शेजारी. पुढे क्रिस्तप्रसादाच्या रांगेत हे उठले. मी बाकावर होते, मला घ्यायचा नसतो, पण मी ह्यांना जाताना बघितलं. लंगडत नव्हते.

सोमवारी सकाळी ह्यांनी पार्टीला फोन करून सांगितलं, हातातला लॉट पुरा करून देतो, पुढचा घेणार नाही. तो सतरा तारखेला संपतो. मग माणसांना गोळा करून सांगितलं. गुणाजींनी टोपी काढून लेथवर ठेवली आणि जेवायच्या सुट्टीआधीच निघून गेले. एकोणतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मंगळवारी आले, काम केलं, बोलले नाहीत.

मी ह्यांना अडवलं नाही. पण काका, मला भीती वाटते. तुम्ही हक्काचे वाटलात म्हणून लिहिलं.

तुमची,
स्वप्ना

*

चरई, ठाणे
१५ ऑक्टोबर

चि. ग्रेगू आणि चि. स्वप्नास आशीर्वाद.

घरी आलो. पाय कापसाचे झालेत, जिभेला चव नाही, कान मात्र बरे झाल्यासारखे वाटतात. काकी म्हणते तापात ओरडून बोलायची सवय तिलाच लागली. कृतिकाने पाठवलेली माल्ट पावडरची बाटली पोचली. तिला पापा.

ग्रेगू, तुझं ताट मी बघायला हवं होतं. बघितलं नाही त्याचं दुःख करत बसणार नाही, कारण त्याहून मोठं काम पुढ्यात आलंय.

स्वप्नाचं पत्र वाचून मला आनंद व्हायला हवा होता. अर्धा तास झालाही. मग हिशेब मांडायला बसलो. मी खुर्चीत बसून बोललो, तू केलंस, आणि त्याची किंमत भरणार कोण? तुझं घर भरेल, ते तू समजून घेतलंस. बाकीची सहा तरुण आहेत, कुठेतरी लागतील. गुणाजी एकसष्ट वर्षांचा, एका डोळ्याने बघणारा. दिवाळी पाच दिवसांवर.

तो काल इथे आला. तुला सांगितलं नसेल. पपईची पानं घेऊन आला, स्वतः वाटून रस काढून मला पाजला, तोंड पुसलं. मला वाटलं, आता शिव्या देईल, तर दिल्या नाहीत. काकीने खीर दिली, ती संपवली. मग म्हणाला, शेठचं मन मला कळतं, मी तिथेच होतो, त्यांना सहा महिने जेवण गेलं नाही. मी म्हटलं, गुणाजी, मी त्याला काम सोड असं लिहिलं होतं, मग मागे घेतलं, पण लिहिलं होतं, तेव्हा दोष माझ्यावर घाल. त्याने रिकामी वाटी खाली ठेवली.

"काका, तुमचे पोप म्हणतात ते बरोबरच असेल. पण तुम्ही उपास केलात एक दिवस. मला किती दिवस करायचा, ते कोणी वाचून दाखवलं नाही."

विवेकाला विचार असं मी त्याला म्हणणार होतो का? फादर नॉर्बर्ट आज सकाळी आजाऱ्याला बघायला आले तेव्हा त्यांना हे वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. या वेळी त्यांनी सल्ला दिला नाही. म्हणाले, ग्रेगरी काम मागायला गेला होता त्या तीन फॅक्टरीवाल्यांची नावं द्या. दिली. रविवारी मिस्सानंतर ते त्यांना सभागृहात बोलावणार आहेत. मी म्हटलं, फादर, प्रार्थनेने सुरुवात करू नका, नाहीतर तिथेच संपेल. ते हसले. मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. काही निघेल याची मला खात्री नाही. त्यातल्या एकाला मी लहानपणापासून ओळखतो, तो चिमटीतून मीठसुद्धा सोडणार नाही.

दुसरं, गद्र्यांच्या भाच्याचा कल्याणला गॅसच्या शेगड्यांचा कारखाना आहे. पितळेचे बर्नर बाहेरून कातून घेतात. काम थोडं आहे, कटकटीचं आहे, आणि तुझ्या आताच्या कामाच्या पासंगालाही पुरणार नाही. ड्रॉइंग यासोबत जोडलंय. गद्र्यांनी स्वतःच्या हाताने नक्कल केली, मापं दोनदा तपासलीत. दोन माणसांना पुरेल असं ते म्हणतात. मला वाटतं दीड. मोठ्या लेथवर तो तिरपा आटा निघेल का ते मला बसल्या जागी कळत नाही. तूही एकटा ठरवू नकोस. गुणाजीला बोलाव, ड्रॉइंग त्याच्यासमोर ठेव, त्याला विचार. आठवडा उलटला, तुम्ही दोघं एका छताखाली मुक्यासारखे वावरताय.

गुणाजी रविवारी दुपारी परत येणार आहे, मला चालायला न्यायला. तो विचारणार, दिवाळीनंतर शेडवर यायचं की नाही. त्याला हे तुझ्याकडून कळायला हवं, पण तू बोलला नाहीस तर मी बोलेन. त्याच्या तोंडाकडे बघून बोलेन. पान उलटणार नाही.

म्हणून हे पत्रही टेम्पोवाल्याकडे देतोय, तूही पोस्टाच्या भरवशावर बसू नको. आटा निघतो की नाही, आणि गुणाजीला काय सांगितलंस, या दोन गोष्टी लिहून टेम्पोवाल्याकडे रविवार सकाळच्या आत धाड. लांबलचक नको. दोन ओळी लिही, पण लिही.

तुझा,
इनासकाका